ढवळ्याची गोळी

कांद्याची लागवड चालली होती आणि वाकून वाकून बायांच्या कमरा मोडल्या होत्या. कुणी जरा टेकलं, की बागाईतदार दौलतराव दुखण्याची गोळी पुढे करायचे. "घे, नि लाग कामाला!" त्या दिवशीची तिसरी गोळी ठकूबाईने गुपचूप पदराला बांधली.

तेवढ्यात गडी धावत आला. "मालक, ढवळ्याचा खांदा सुजलाय."

"मग सोड त्याला! शेक दे. दोन दिवस जुंपू नको."

ठकूबाईने पदराची गाठ सोडली. "मालक, ही गोळी चारा की त्याला. लगेच जुंपता येईल."

"खुळी का काय! गोळीनं दुखणं दबतं, पण जुंपला तर खांदा कायमचा जाईल!"

"ऐकलंत ना गं?" म्हणत ठकूबाई बांधावर ऐसपैस बसली. "मालक, शेकायचं पाणी जरा जास्तच तापवा. ढवळ्याचा खांदा एक, आमच्या कमरा अकरा!"