म्हाळाईचं शिंगरू

फार वर्षांपूर्वी माणदेशातले धनगर पाऊस सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, तेव्हाची ही गोष्ट. अख्खा संसार घोड्याच्या पाठीवर असायचा. भांडी, घोंगडी, कोंबड्या, आणि चालता न येणारी पोरंसुद्धा. घोडा उधळला तर संसारच उधळायचा.

म्हणून शिंगराला लहानपणीच वठणीवर आणायचं, अशी रीत होती. पाय बांधायचे, उपाशी ठेवायचं, चाबकानं फोडायचं. "मार खाल्लेलं जनावरच कह्यात राहतं," असं सगळ्यांत थोरला धुळा म्हणायचा आणि बाकीचे म्हातारे माना डोलवायचे. म्हाताऱ्यांना मान डोलवायला कारण लागत नाही.

म्हाळाई ही धुळाची धाकटी सून. एका वर्षी घोडी व्याली, तेव्हा तांबड्या शिंगरानं जगात पहिलं डोकं टेकलं ते म्हाळाईच्या मांडीवर, असं म्हणतात. ते ओलं असतानाच तिनं त्याच्या कानांवरून, पायांवरून, खुरांवरून हात फिरवला. मग रोज फिरवला. थोडं मोठं झाल्यावर गळ्यात सैल दोरी घातली आणि त्याच्या खांद्याशी खांदा ठेवून चालू लागली. ती थांबली की ते थांबायचं. ते बुजलं तर ती दोरी ओढायची नाही. उलट सैल सोडायची, बाजूला तोंड करून गप्प उभी राहायची. जरा वेळानं शिंगरू आपण होऊन तिच्या तळहातात नाक खुपसायचं. असं म्हणतात, त्या दोघांचं न बोललेलं बोलणं मेंढरंसुद्धा कान देऊन ऐकायची.

"सूनबाई, त्याला ओझं वाहायला शिकवतीस, का वरातीत मिरवायला?" धुळा हसायचा.

"मामंजी, त्याची हाडं कच्ची हायेत. अजून वरीसभर पाठीवर काडी ठेवायची न्हाई."

"वरीसभर? तवर मी जगतो का मरतो!"

"तुम्ही कशाला मरताय? आधी आमाला छळून घ्याल."

त्या साली घाट उतरताना जुनी घोडी लंगडली. म्हाळाई पुढं मेंढरं आवरत होती. धुळानं तिला विचारलंसुद्धा नाही. तिचं पोर, बिरा, घोंगड्यात गुंडाळून त्यानं शिंगराच्या पाठीवर बांधलं. वाट हातभर रुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तेवढ्यात वरून मोठा धोंडा घरंगळला. शिंगरू बिथरलं, मागं सरकलं आणि त्याचा मागचा पाय दरीच्या पोकळीत गेला.

सगळे म्हातारे एकदम ओरडायला लागले.

"दोरी ओढ!"

"हाण चाबूक!"

"आरं, पोराला धर!"

एकेका आरोळीसरशी शिंगरू आणखी मागं सरकत होतं.

म्हाळाई धावत आली. शिंगराच्या पाठीवर तिला बिरा दिसला. झेप घेऊन त्याला ओढावं असं वाटत होतं. पण झेप घेतली असती तर दोघंही गेली असती, हे तिला कळत होतं.

"मामंजी, तोंड मिटा! समद्यांनी मिटा!"

सासऱ्याला असं कुठल्या सुनेनं कधी म्हटलं नव्हतं. म्हातारे इतके दचकले की खरंच गप्प झाले.

म्हाळाईनं दोरीला हात लावला नाही. बाजूला तोंड केलं आणि तळहात पुढं धरला. असं म्हणतात, तेव्हा वारा पडला. दरीतली नदी वाहायची थांबली. घरंगळता धोंडा उतारावर अर्ध्यातच टेकला, तो अजून तिथंच आहे. शिंगरानं कान हलवले. पाय वर ओढून घेतला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आणि तिच्या तळहाताला गरम श्वास लागला.

मगच नदी पुन्हा वाहू लागली, असं म्हणतात.

तिनं घोंगडं सोडलं. बिरा तोंडात अंगठा घालून गाढ झोपलेला होता! म्हाळाई मटकन खाली बसली आणि हसत सुटली, हसता हसता रडली. धुळा दोन्ही हातांनी तोंड दाबून उभा होता. बोटांच्या फटीतून त्यानं विचारलं, "सूनबाई, आता बोलू का?"

"थोडं बोला."

 त्यानं नातवाला आपल्या पाठीवर बांधलं आणि उरलेला घाट उतरला.

त्या वाटेला म्हाळाईची वाट म्हणतात. तिकडच्या वस्त्यांवर आजही नव्या शिंगराला पहिला हात लावते ती घरची बाई. तेवढा वेळ म्हाताऱ्यांनी तोंडात पाण्याची गुळणी धरून बसायचं. शिंगरू आपण होऊन जवळ आलं, की म्हाळाईच्या नावानं गुळणी टाकायची. कधी कधी ते दुपार उलटली तरी येत नाही. म्हातारे गाल फुगवून ताटकळत बसतात, आणि बायका मुळीच घाई करत नाहीत.