टिटवीची हाक आणि हंसांचा कलकलाट

एका जंगलाच्या कडेला, तळ्यालगतच्या खडकाळ माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवीची पिल्लं दगडांच्याच रंगाची असतात. आईनं संकटाची हाक दिली, की ती असतील तिथे जमिनीला चिकटतात आणि दिसेनाशी होतात. या टिटवीलाही तिच्या आईनं असंच वाढवलं होतं. तेव्हाच्या सकाळी इतक्या निवांत, की पाण्यावर पडलेलं पानही ऐकू यायचं, आणि आईची हाक माळाच्या पार टोकाला पोचायची. "तुम्ही ऐकायला हवं होतं रे ते," टिटवी आपल्या पिल्लांना सांगत राही.

कारण आता तळ्यावर हंसांचे थवे उतरत. माळावरून खाली येताना असा कलकलाट करत, की शेजारी कोण काय बोलतंय ते कळू नये. जंगलातल्या वडीलधाऱ्यांनी सभा भरवली आणि थव्यांवर आवाजाचा कर बसवला. हंसांनी खोल पाण्यातून कमळाचे कंद आणायचे, ते काठच्या रहिवाशांना भरपाई म्हणून वाटायचे. कल्पना चांगली होती. पण वाटायला बसले कोण? कवचात डोकं ओढून घेणारं कासव आणि बिळात घोरणारं साळिंदर! आवाजाचा त्रास दोघांनाही नाही, कंदांची गोडी मात्र भारी. जाडजूड कंद त्यांच्या पोटात जात, उरलेसुरले काठावर. "येऊ देत की आणखी थवे!" साळिंदर ढेकर देत म्हणे.

एका सकाळी घार आली. टिटवी घसा फाटेस्तोवर ओरडली. धाकट्या पिल्लाला त्या कलकलाटात काही ऐकूच गेलं नाही. ते उभंच राहिलं आणि घारीनं त्याला उचललं. टिटवी तडक कासवाकडे गेली. "आजोबा, माझं पिल्लू गेलं."

"अरेरे! हिला एक कंद जास्त द्या रे," कासव म्हणालं.

"तो तुम्हीच गिळा! जो हळू उतरेल, त्याला कर माफ करा."

"वा गं शहाणे! मग आम्ही खायचं काय?" साळिंदरानं काटे फुलवले.

पाण्यातल्या म्होरक्या हंसानं मान उंचावली. "म्हणजे हळू उतरलो तर कंद द्यावे लागणार नाहीत? मग आजवर कुणी बोललं का नाही? आम्हाला वाटलं, तुम्हाला कंदच हवेत." कासवानं डोकं आत घेतलं. काठावरचे सगळे टिटवीच्या मागे उभे राहिले आणि नियम बदलावाच लागला.

दुसऱ्या दिवशी थवे माळाला वळसा घालून, पंख पसरून अलगद उतरले. टिटवीनं एकच हाक दिली. थोरलं पिल्लू क्षणात दगडांत दगड होऊन गेलं. आपल्या आवाजात तिला आईचा आवाज ऐकू आला. पिल्लाच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती. ती भरून काढील असा कंद कुठल्याच तळ्यात उगवत नाही.

तात्पर्य : त्रासाची भरपाई जरूर घ्यावी, पण ती त्रास थांबावा म्हणून. ज्यांचं पोट त्या भरपाईवर भरतं, ते त्रास थांबू देत नाहीत, मग वयानं ते कितीही मोठे असोत.