भिवा सुतार आणि येसाईची बैठक

फार फार वर्षांपूर्वी, आडदरे गावात खुर्ची कुणी पाहिलीही नव्हती, तेव्हा तिथं भिवा सुतार राहायचा. नांगर, दारं, पाळणे करावेत तर त्यानंच. त्यानं ठोकलेली खुंटी हत्तीलाही उपटता यायची नाही, असं म्हणतात.

ओढ्यापलीकडं येसाई सुईण राहायची. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, भिवासुद्धा. एकदा ती निसरड्यावरून पडली आणि तिचा डावा खुबा धरला तो धरलाच. उभी राहता येई, चालता येई, पण खाली बसता येईना. आणि बाळंतिणीपुढं बसल्याशिवाय सुईण काय करणार? त्या वर्षी एक बाळ दगावलं. येसाई दारात उभी राहून सांगत होती, पण आत काम करणारे हात नवखे होते.

भिवाची लेक तुळसा तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरत आला होता. भिवा येसाईकडं गेला आणि म्हणाला, "आई, तुला बसायला मी काहीतरी करून देतो."

"कर बाबा," ती म्हणाली. "पण तुझ्या मापानं नको करू."

त्यानं आपल्याच अंदाजानं केलं. पहिली बैठक उंच झाली, येसाईचे हात खाली पोचेनात. दुसरी बुटकी झाली, तिला उठवायला दोन बाया लागल्या. तिसरीला त्यानं तीनच पाय केले, म्हणजे उंचसखल जमिनीवर ती डुगणार नाही. डुगली नाही, पण येसाई पुढं वाकताच कलंडली आणि म्हातारीचं कोपर फुटलं.

भिवानं कुऱ्हाड उचलली. येसाई पडल्या जागेवरूनच म्हणाली, "मोडू नको. काय चुकलं ते तिच्यातच दिसतंय. मोडलीस तर पुन्हा तेच करशील."

त्या दिवसापासून भिवाचं बसणं सुटलं. तो भाकरीसुद्धा चालता चालता खायचा, असं म्हणतात. फसलेल्या बैठका त्यानं पडवीत ओळीनं मांडल्या होत्या. येता-जाता त्यांच्याकडं बघायचा, एखादी उलटी करायचा, पुन्हा निघायचा. कुणी म्हणतं सतरा झाल्या, कुणी म्हणतं चाळीस. शेवटी त्यानं स्वतःच्या डाव्या खुब्याला फळी बांधली आणि आठ दिवस तसाच वावरला. तेव्हा कुठं त्याला कळलं, की आखडलेल्या माणसाला सपाट जागा नकोच असते. मग त्यानं बैठक पुढं उतरती केली, डावी कड खाली तासली, पाय बाहेरच्या अंगाला फाकवले. बाभळीची बैठक येसाईला सरकवता येत नव्हती, म्हणून पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेतलं.

बैठक पुरी झाली त्याच सकाळी ओढ्याला पूर आला, आणि तुळसाला कळा सुरू झाल्या.

भिवा बैठक पाठीला बांधून पोहत पलीकडं गेला. परतताना येसाई बैठकीवर बसली, बैठक पाण्यावर तरंगली, आणि भिवानं दोर दातात धरून ती अलीकडं ओढत आणली, असं म्हणतात. काही जण तर म्हणतात ओढाच दुभंगला. माझे चुलते सुतार होते. ते म्हणायचे, ओढा कशाला दुभंगतोय, पांगारा तरंगतो.

मूल पायाळू होतं. येसाई त्या बैठकीवर पुढं वाकून तासन् तास बसली, आणि बैठक कलंडली नाही. दिवस मावळायच्या आत मूल रडलं. अंगणात फेऱ्या घालणारा भिवा दाराशी येऊन थांबला.

"आई, कशी झाली?"

"गोड आहे पोरगी," येसाई हात धुता धुता म्हणाली. "तुळसाही बरी आहे."

"बैठक विचारतोय."

येसाईनं जरा विचार केला. "उजव्या मांडीला टोचते थोडी."

भिवा तसाच लाकूड तासायचा वाकस आणायला वळला. नातीचं तोंड त्यानं दुसऱ्या दिवशी पाहिलं, असं म्हणतात.

आजही आडदऱ्यात दसऱ्याला सुतार हत्यारं पुजतात, तेव्हा शेजारी त्या वर्षी फसलेली एक वस्तू मांडतात. तिलाही हळदकुंकू लावतात. मग ज्यानं ती केली, त्यानं भिवाचं नाव घ्यायचं आणि काय चुकलं ते चारचौघांत सांगायचं. गेल्या दसऱ्याला एकानं फार देखणी खुर्ची मांडली होती. लोक भोवती फिरले, हात लावून पाहिलं, कुणाला खोट सापडेना.

"हिचं काय चुकलं रे?" एका म्हातारीनं विचारलं.

"जिच्यासाठी केली," तो म्हणाला, "तिला विचारलंच नाही."