चिंपळपाचं झाड

रानात सगळेच एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. साळुंक्यांची बोली होती 'च'ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा, की 'मला'चं झालं 'चलाम'! वाघोबाला त्यात कटाचा वास आला. त्याने दवंडी पिटवली, "आजपासून 'च'ची भाषा बंद! ज्याच्या मनात पाप नाही, त्याने लपवायचं कशाला?"

साळुंकीची पंचाईत झाली. तिने नुकतीच पिंपळाच्या ढोलीत अंडी घातली होती. ती जागा पलीकडच्या आंब्यावर बसलेल्या नवऱ्याला सांगायची होती, आणि त्या आंब्याखाली धामण टपून बसली होती.

"मोठ्यानं सांग गं बाई," धामण म्हणाली, "कायदाच आहे तसा!"

साळुंकी तडक दरबारात गेली. ती गाऱ्हाणं सांगू लागली, तोच वाघीण धापा टाकत आली. "अहो, पिल्लं हलवली बरं का! आता ती त्या करवंदीच्या..."

कोपऱ्यातल्या तरसाने मान वर केली.

"अगं, चळूह चोलब!" वाघोबा किंचाळला.

सारा दरबार खो खो हसू लागला. मग हसता हसता माकड फांदीवरून खालीच पडलं.

"चहाराजम," साळुंकीने गोड आवाजात विचारलं, "मनात पाप आहे का हो?"

"उठली बंदी, उठली!" वाघोबा मिशीत पुटपुटला.

साळुंकी भिरभिरत आंब्यावर परतली आणि नवऱ्याला भर गळ्याने ओरडून म्हणाली, "चिंपळप!"

धामण अजून रानभर विचारत फिरते, "अहो, हे चिंपळपाचं झाड कुठं आलं?"