तीनशेसाठ श्वास

घटिकापात्राची जागा मिळाली असती, तर त्र्यंबक जोशांच्या पदरात काय काय पडले असते ते आधी पाहू. देवळातला उंच चौथरा, प्रत्येक लग्नात पहिले पान, आणि मुहूर्त आपणच काढून आपणच वाजवण्याचे सुख. रिकाम्या बसलेल्या भाच्याची सोय झाली असती, ती वेगळीच. आड येत होता एकटा केदारी गुरव. आणि केदारीच्या आड येत होता त्याचा दमा.

त्या वर्षी ओसरीकर महाराज पिंपळढव गावी, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात उतरले होते. महाराज कोणाच्या घरात शिरत नसत, ओसरीवरच पथारी टाकत, म्हणून त्यांना हे नाव पडले होते. समोरच केदारीचा चौथरा. घंगाळातल्या पाण्यावर तांब्याची वाटी सोडायची. तिच्या बुडाला सुईएवढे छिद्र. पाणी भरून वाटी बुडाली की घटका झाली, काशाच्या थाळीवर टोला द्यायचा. वीस वर्षे केदारी हे करत होता. धूप कोणत्या बाजूला जळतो ते पाहून बैठक हलवायची, अडुळशाचा काढा उपरण्याखाली ठेवायचा, दोन उबळींच्या मध्ये टोला बसवायचा, हे सगळे तो शिकला होता. चौथऱ्यावर बसून राहणे हीच त्याची अर्धी कामगिरी होती, आणि ती महाराजांखेरीज कोणाला दिसत नव्हती.

आबासाहेब देशमुखांच्या लेकीचे लग्न देवळाच्या अंगणात ठरले. मुहूर्त गोरज, सूर्यबिंब अर्धे बुडताना. जोशीबुवा आदल्या दिवशीच म्हणाले, "आबासाहेब, ज्याला स्वतःचा श्वास धड मोजता येत नाही, तो आपली वेळ मोजणार. उद्या चुकला, तर पात्र माझ्या घरी येऊ द्या."

"येऊ द्या," आबासाहेब म्हणाले. त्यांच्या डोक्यात तेव्हा शंभर कामे होती.

लग्नाच्या सकाळी केदारीची छाती वाजू लागली. बायको यमुना म्हणाली, "आज राहू द्या. होमाचा धूर असणार तिथं."

"आज नाही गेलो तर लोक म्हणतील, आला नाही. उद्या म्हणतील, येत नाही."

"आणि तिथंच पडलात म्हणजे?"

केदारीने उपरणे खांद्यावर टाकले. काढ्याचा गडू घेतला आणि निघाला.

दिवस कलला. अंगणातल्या खुंटीची सावली पाहून जोशीबुवांनी सांगितले, मुहूर्ताला एक घटका उरली. तेवढ्यात पश्चिमेला ढग दाटले आणि सूर्य दिसेनासा झाला. आता सारी भिस्त वाटीवर. केदारीने ती हातात घेतली आणि उलटी करून पाहिली. वाटी लखलखत होती.

"ही कोणी घासली?"

"मी," जोशीबुवा ऐटीत म्हणाले. "देशमुखांच्या कार्यात ते काळं भांडं शोभलं असतं होय? चिंच लावली, राख लावली, छिद्रात सुई फिरवली. तुझ्या घरात एवढंही कोणाला सुचलं नाही."

गुरवाच्या घरात वाटी आतून कधीच घासत नसत. छिद्राच्या कडेचे पिढ्यान्‌पिढ्यांचे किटण हेच तिचे माप होते. केदारी म्हणाला, "जोशीबुवा, ही आता लवकर बुडेल."

"मग श्वासावर मोज की. निरोगी माणसाचे तीनशेसाठ श्वास म्हणजे घटका. मोज, आम्ही ऐकतो."

मांडवात हशा पिकला. ओसरीवरून महाराज म्हणाले, "बरोबर सांगतात जोशीबुवा. केदारी, बैस आणि मोज."

"महाराज, माझे दहा श्वास सारखे येत नाहीत."

"तू मोजायचं काम कर. बाकीचं पाहणारा आहे."

जोशीबुवांनी वाटी पाण्यावर सोडली, केदारीने डोळे मिटले. धूर त्याच्याच अंगावर येत होता. पहिला श्वास भीत भीत घेतला, आत गेला. दुसरा गेला. कुठे अडकेना. वीस, चाळीस, शंभर. पुढच्या श्वासाला उबळ येईल म्हणून तो प्रत्येक वेळी अंग चोरी, आणि प्रत्येक श्वास गाईच्या धारेसारखा सरळ येई.

दोनशे सत्तरला वाटी बुडाली. "वाजव," जोशीबुवा ओरडले. "आबासाहेब, वेळ जातेय."

आबासाहेबांनी केदारीकडे पाहिले. केदारीने नकारार्थी मान हलवली. अंतरपाटामागे नवरी उभी, हातात अक्षता घेऊन गाव उभे, आणि चूक झाली तर वीस वर्षांची जागा आज जाणार. तरी त्याने हात उचलला नाही. तीनशे दहा. तीनशे चाळीस. तीनशेसाठ.

टोला पडला. त्याच क्षणी ढगांची कड क्षितिजापाशी फाटली, आणि नदीपलीकडे लाल बिंब बरोबर अर्धे बुडालेले साऱ्यांनी पाहिले.

अक्षता पडल्या. केदारीची छाती पुन्हा पूर्वीसारखी वाजू लागली, आणि तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आले की तोच आवाज ओसरीवरूनही येत होता, मघापासून. महाराज खांबाला टेकून वाकले होते. ओठ निळे, कपाळावर घाम.

पाणी घेऊन सर्वांत आधी धावले ते जोशीबुवाच. "महाराज, आपल्याला दमा? कधीपासून?"

"वाटी सोडलीत तेव्हापासून," महाराज धापा टाकत म्हणाले. "संपला आता. बुवा, एका घटकेत आमचा जीव नकोसा झाला. हा माणूस ते अंगावर घेऊन वीस वर्षं टोला चुकलेला नाही."

जोशीबुवांनी पाण्याचा गडू खाली ठेवला. त्यांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"इथं नको," महाराज म्हणाले. "तिकडे."

जोशीबुवा चौथऱ्यापाशी गेले आणि केदारीपुढे वाकले.

केदारीने विचारले, "महाराज, माझा दमा कायमचा नाही का घेणार?"

"तो तुझ्यासोबतच राहील, बाबा. पण धुराच्या आणि थंडीच्या दिवसांत पाळी वाटून घ्यायला काय हरकत आहे? बुवांचा भाचा रिकामाच आहे. शिकव त्याला. जागा तुझी, टोला तुझ्या नावाचा."

तसेच ठरले. वाटीला पुन्हा किटण धरेपर्यंत दोन वर्षे गेली. तोवर जोशीबुवा रोज सावली पाहून घटका जुळवून देत. अशा रीतीने भाच्याची सोय झाली, नवरीला मुहूर्त मिळाला, केदारीची जागा राहिली. जोशीबुवांचे गेले ते एका पागोट्याचे वजन. त्या दिवसाचे तीनशेसाठ श्वास मात्र महाराजांनी भरले.