झेंड्यावरची भट्टी

झेंड्यावर पावाची भट्टी काढलेली कधी पाहिलीत का? पोर्तुगालमधल्या एका खेड्याने आपल्या झेंड्यासाठी नदी, चेस्टनटचं झाड आणि गावची भट्टी निवडली होती. फिलोमेनाबाई ती भट्टी झेंड्याच्या कापडावर रेशमाने भरत होती. तिच्या आईचा सारा जन्म त्या भट्टीपाशी गेला होता.

जमीनदार दों बाल्तझार आले. "ही काजळी उसव. इथे माझी हवेली काढ."

"काढते, मालक," फिलोमेना हळूच म्हणाली. "नदीवर सगळं गाव पाणी भरतं, झाडाखाली सगळं गाव फळं वेचतं. झेंड्यावर आलं ते सगळ्यांचं. मग पीठ घेऊन आम्ही बायकांनी हवेलीत किती वाजता यायचं?"

मालक घाईने म्हणाले, "भट्टीच राहू दे. धूर जरा ठसठशीत काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीचा झेंडा चौकात चढला.