बॉनेटवरची मांजरी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमक्या किती, ते विचारू नये. तेव्हा राजे होते, बोलणारी मांजरं होती आणि जुन्या मोटारीही होत्या. राजांच्या काळात मोटारी कुठून आल्या, असं ज्याला वाटेल त्याने खुशाल इतिहास वाचावा. आपण गोष्ट ऐकू.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात सगळं होतं, फक्त वैद्य नव्हता. वैद्य होता घाटापलीकडे, अकरा वळणं चढून आणि तेवढीच उतरून.

त्या गावात एक तरुण आई राहायची. नवरा राजाच्या फौजेत, दूर सीमेवर. पदरात चार वर्षांची लेक. थंडी पडली की लेकीच्या छातीत शिट्टी वाजायची, ओठ निळे पडायचे. मागच्या हिवाळ्यात बैलगाडीने घाट चढता चढता पोरीची शुद्धच हरपली होती. थोडक्यात वाचली. तेव्हाच आईने ठरवलं, पुढच्या थंडीत दारात मोटार हवी. जुनी चालेल, पण घाट चढणारी हवी.

आई शिकलेली होती. त्यामुळे तिला सगळ्याची काळजी वाटायची, आणि आपण उगाच काळजी करतो याचीही वाटायची.

वेशीपाशी एक शेठ जुन्या मोटारी विकायचा. गावात मोटार विकायची एक रीत होती. मोटार म्हणजे घरची लेक. विकणाऱ्याने पहाटे तिला न्हाऊ घालायचं, हार घालायचा, धूप फिरवायचा आणि सूर्य डोंगरावर यायच्या आत सासरी धाडायचं. घेणाऱ्याने कुंकू लावायचं. पण बॉनेट उघडायचं नाही, इंजिनावर हात ठेवायचा नाही. लेक सासरी जाताना कुणी तिची तपासणी करतं का, असं म्हातारी माणसं म्हणायची. रीत कुणी पाडली ते कुणाला माहीत नव्हतं. शेठला मात्र ती फार आवडायची.

ठरल्या दिवशी आई लेकीला कडेवर घेऊन पहाटे तिथे पोचली. सोबत नवऱ्याची आत्या होती. आत्याबाईंशिवाय त्या घरात पानही हलत नसे.

हिरवी मोटार न्हाऊन, नटून उभी होती. कडाक्याची थंडी होती. गवतावर दंव होतं. आणि बॉनेटवर एक करडी मांजरी अंगाचं वेटोळं करून गाढ झोपली होती.

"तीन दिवस हात लावलेला नाही गाडीला," शेठ म्हणाला. "आता बघा, अर्ध्या किल्लीत जागी होते की नाही!"

त्याने किल्ली फिरवली. मोटार लगेच सुरू झाली. मागून निळसर धूर आला, पण तोवर शेठच्या माणसाने धुपाटणं नेमकं तिथेच नेऊन फिरवलं होतं. कुठला धूर धुपाचा आणि कुठला मोटारीचा, ते कळेना.

आईचं लक्ष मांजरीकडे होतं. ती मनात म्हणाली, आमची मांजरी या थंडीत चुलीच्या राखेतून उठत नाही. मग ही गार पत्र्यावर कशी झोपली?

"शेठजी, गाडी गरम आहे का हो?" तिने विचारलं.

"उन्हानं तापलीय."

ऊन अजून डोंगरापलीकडेच होतं. आईने आभाळाकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं.

"अगं, काय विचारतेस भलतंच!" आत्याबाई कुजबुजल्या. "चार पुस्तकं वाचली म्हणून इंजिनातलं कळायला लागलं का? शेठ काय म्हणतील? लाव कुंकू."

आईला वाटलं, खरंच, आपल्याला काय कळतं? असेल यंत्राची काही तऱ्हा. तिने हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या आणि कुंकू लावलं. मांजरीने एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

पुढच्याच आठवड्यात, पहाटेच, लेकीच्या छातीत शिट्टी वाजायला लागली.

आईने तिला शालीत गुंडाळलं, मोटारीत ठेवलं, किल्ली फिरवली. मोटार खोकली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकली. नवव्या वेळी सुरू झाली ती खलबत्त्यात कुणी दगड कुटावेत तशी, आणि मागे एवढा निळा धूर झाला की शेजारचं घर दिसेना. तरी आई निघाली. चौथ्या वळणावर मोटारीने एक मोठा दणका दिला आणि ती थांबली. ती कायमचीच.

आईने लेकीला पाठीला बांधलं आणि उरलेली सात वळणं चढली. माथ्यावर एक लाकूडतोड्या भेटला. त्याने आपल्या घोड्यावर दोघींना पलीकडे नेलं.

वैद्याने पोरीला वाचवलं. मग तो आईला म्हणाला, "अजून दोन वळणांचा उशीर झाला असता, तर मी काही करू शकलो नसतो."

दोन वळणं! आई तिथेच खाली बसली आणि तिला राग आला. पहिला राग तिला स्वतःचाच आला, सवयीप्रमाणे. मग तिच्या लक्षात आलं की गार इंजिनाची खोड लपावी म्हणून पहाटे उठून ते तापवणारी ती नव्हती. मोटारीचा धूर लपवायला धूप फिरवणारी ती नव्हती. तेव्हा मात्र जो राग आला, तो पाचव्या दिवशी लेकीला घेऊन गावात परतली तरी उतरला नव्हता.

वेशीपाशी पहाटेच गर्दी होती. शेठ लाल मोटार विकत होता. घेणारा होता कुंभार, आणि शेजारी उभी होती त्याची दिवस भरलेली बायको. आत्याबाई कुंकवाची कोयरी घेऊन पुढेच होत्या. बॉनेटवर तीच करडी मांजरी होती.

"तू!" आई मांजरीला म्हणाली. "तुला सगळं माहीत होतं. बोलली का नाहीस?"

"बोलले की," मांजरी जांभई देत म्हणाली. "झोपून बोलले. गार पत्र्यावर झोपणारी मांजरी तू कधी पाहिलीस का? तुला कळलंही होतं. तूच गप्प बसलीस."

हे खरं होतं, म्हणून आईला आणखीच राग आला. तिने मांजरीला बाजूला केलं आणि सगळ्यांसमक्ष बॉनेटवर तळहात टेकला.

"हात काढ!" शेठ ओरडला. "रीत मोडतेस?"

"मोडते. ही तीन दिवस बंद आहे म्हणता ना? मग पत्रा भाकरीच्या तव्यासारखा का लागतोय? तुमच्या त्या हिरव्या गाडीनं माझी पोर मारली असती, शेठ! मारली असती!"

"ए बाई, तोंड सांभाळ. यंत्र आहे, बिघडायचंच. तुला चालवता आली नसेल."

लोक कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलंय.  पण आईने हात काढला नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मला चालवता येत नाही. तुम्ही चालवा. तुमच्या नातीला मांडीवर घ्या आणि याच गाडीतून घाट चढून या. मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन."

शेठची नात तिथेच खेळत होती. घाट म्हटल्याबरोबर ती टुणकन मोटारीत जाऊन बसली. "आजोबा, चला ना! चला ना घाटात!"

शेठने किल्ली हातात घेतली. त्याने घाटाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं.

"उतर," तो म्हणाला.

"आजोबा, चला ना!"

"उतर म्हणतो ना! आत्ताच्या आत्ता उतर!" आणि त्याने तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. पोर रडायला लागली.

 कुंभाराच्या बायकोने पोटावर हात ठेवला. कुंभाराने पुढे होऊन मोटारीचा हार उतरवला. आत्याबाईंनी धुपाटणं उचललं आणि धुळीत पालथं केलं. मग त्या आईजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चुकलं गं माझं." आत्याबाई असं त्या गावात पहिल्यांदाच म्हणत होत्या.

त्या दिवसापासून शेठची एकही मोटार विकली गेली नाही. पूर्वी घेतलेल्या मोटारीही लोकांनी ढकलत ढकलत परत आणून सोडल्या. आईला पाटल्या परत मिळाल्या. अंगणात गंजत चाललेल्या मोटारींमध्ये शेठ बसून राही, आणि नात मात्र त्याच्या मांडीवर बसायला कधी आली नाही.

गावाने नवी रीत पाडली. मोटार आदल्या संध्याकाळी चौकात आणून उभी करायची, किल्ली पंचांकडे द्यायची. सकाळी घेणाऱ्याने बॉनेटवर हात ठेवायचा, ते उघडायचं, तेल किती ते दाखवणारी ऑइलची पट्टी ओढून बघायची, मगच किल्ली फिरवायची. आणि बॉनेटवर मांजरी झोपलेली दिसली, तर सौदा तिथेच मोडायचा.

आईचा राग गेला का? नाही. घरात उपयोगी वस्तू जपून ठेवतात, तसा तिने तो जपून ठेवला. तो राग घेऊनच ती पंचांबरोबर बसायची आणि दर सौद्याला पहिला हात तिचाच असायचा.

म्हणून लहानांनो, आणि लहानांच्या आयांनो, लक्षात ठेवा: मनात आलेली खरी शंका भिडेपोटी गिळू नये, आपण गप्प बसतो आणि भोगावं आपल्या लेकरांना लागतं.